मधला बर्थ

“मी काय तिला खाली बस म्हनलो व्हतो? इचार तिला. एका शब्दानं म्हनलो असंन तर सांग म्हनावं.”

काशीराम हे आपल्या बायकोला सांगत होता, पण आवाज असा लावला होता की आत तांदूळ पाखडत बसलेल्या गोदूला नीट ऐकू जावं. गोदू चार हातांवर होती. मधल्या दाराला पडदासुद्धा नव्हता.

सत्यवतीने मान आत वळवली. “गोदू, हे म्हनतात, ह्यांनी तुला खाली बस म्हनलं नव्हतं.”

“नव्हतं म्हनलं,” गोदू सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाली. “वर झोप असंबी म्हनलं नव्हतं. सांगा त्यांना.”

“ती म्हनते...”

“ऐकलं मी,” काशीराम म्हणाला.

या घरात अठ्ठावीस वर्षं असंच बोलणं चाललं होतं. गोदू गव्हाणहून लग्न होऊन पनवेलला आली ती काशीरामचा धाकटा भाऊ विठू याची बायको म्हणून. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि तो बसला असेल त्याहून उंच जागेवर बसायचं नाही, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. गव्हाणला आईला तसंच करताना तिने पाहिलं होतं. काशीराम ओट्यावर बसला की ती अंगणात उतरून उभी राही. तो अंगणात बाजल्यावर बसला की ती ओट्यावर न जाता मागच्या दाराने घरात शिरे. विठू काविळीने गेला तेव्हा त्यांची मुलगी शांती नऊ वर्षांची होती. त्यानंतरही घर एकच राहिलं, चूल एकच राहिली आणि बोलण्याची रीतही तीच राहिली.

मिठागरावरसुद्धा. दिवाळी झाली की खाडीकाठच्या आगरात वाफे धरायचं काम निघे. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून फरशीसारखा घट्ट करावा लागतो. कच्चा राहिला तर चिखल मिठात येतो आणि मीठ काळपट निघतं. दहाबारा बाया रांगेने पाय आपटत जात, आणि तळ झाला की नाही हे गोदू ठरवी. टाच टेकवून ती एकदाच गर्रकन फिरवायची. खूण उमटली तर कच्चा. ती चिखलाकडे बघून मोठ्याने म्हणे, “ह्यो वाफा आजून झाला नाय.” मग बांधावर उभा असलेला काशीराम बायांना म्हणे, “ऐकलं ना? चला परत.” आगर काशीरामच्या हाताखाली होतं, पण तळाच्या बाबतीत त्याने गोदूचा शब्द कधी ओलांडला नाही. तो चांगला होता की वाईट, हा प्रश्न या घरात कोणाला पडला नव्हता. तो थोरला होता.

आज भांडण निघालं होतं ते जगनच्या पत्रावरून. जगन हा शांतीचा नवरा, भुसावळला रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये कामाला. त्याने लिहिलं होतं, शांतीला सातवा महिना लागून तीन आठवडे होत आले. तिला नेणार असाल तर याच आठवड्यात या. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं आहे की प्रवास झाला तर रात्रीच्या गाडीने आडवं पडूनच. दिवसाची पॅसेंजर नको, तिला बसायलाही जागा मिळत नाही. परतीचं रिझर्वेशन मी इथून करतो. किती माणसं ते कळवा.

पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. आठवा लागला की बाईला हलवत नाहीत, त्यातही नाही. जगनला आई नव्हती. आठवडाभरात शांती पनवेलला पोचली नाही तर ती परक्या गावात, रेल्वेच्या एका खोलीत, शेजारणींच्या भरवशावर बाळंत होणार होती.

काशीरामचा मुलगा दयाराम एस.टी.च्या डेपोत कारकून होता. तो पत्र वाचून पुढ्यात पेन्सिल घेऊन बसला होता. उद्या सकाळी त्याला कल्याणला जाऊन जायची तिकिटं काढायची होती आणि जगनला कार्ड टाकायचं होतं. त्याने एवढंच विचारलं होतं, “बाबा आणि काकी, दोघांची काढू ना? गेल्या वर्षीसारखी?”

“गेल्या वर्षीसारखी नको,” गोदू आतून म्हणाली होती. तिथून हे सगळं निघालं.

गेल्या वर्षी, म्हणजे अडुसष्ट सालच्या जानेवारीत, जगनला भुसावळला क्वार्टर मिळालं तेव्हा बिऱ्हाड लावून द्यायला ही दोघं गेली होती. मुलीची आई म्हणून गोदू आणि बापाच्या जागी काशीराम. सत्यवतीला दम्यामुळे थंडीत घराबाहेर काढत नसत. तिकिटं दयारामनेच काढली होती. वडिलांचा गुडघा आगरात खाडीचं पाणी घ्यायच्या दाराच्या, उघाडीच्या, दगडांवरून पडल्यापासून वाकत नाही, म्हणून खालचा बर्थ मागून घेतला आणि काकी चुकायला नकोत म्हणून त्याच्याच वरचा, मधला. त्याला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. मधला म्हणजे काय, ते गोदूने विचारलं नाही. बाकाच्या मधोमध बसायचं असेल, असं तिने धरलं.

एस.टी.ने कल्याणला पोचून गाडीत चढेपर्यंत सगळं ठीक होतं. समोरासमोर बाकं होती. काशीराम खिडकीशी बसला, ती पलीकडच्या बाकाच्या टोकाशी. सोबत पाच पायली तांदळाचं गाठोडं होतं, शांतीसाठी शिवलेली नवी गोधडी होती आणि पत्र्याच्या डब्यात सुके बोंबील आणि सुकट होती. गाडी सुटल्यावर थोड्या वेळाने मफलर गुंडाळलेल्या एका गृहस्थांनी नाक वर केलं.

“कसला वास येतोय हा?”

“मासळीचा हाय,” काशीराम म्हणाला. “सुकी हाय. चावायची नाय.”

डब्यातले दोघेतिघे हसले, पण गृहस्थ हसले नाहीत. शेवटी काशीराम समोरच्या खिडकीला उद्देशून म्हणाला, “डबा दारापाशी नेऊन ठेवला तर बरं.” गोदूने डबा उचलून दरवाजाशेजारच्या बोळात नेऊन ठेवला आणि परत आली. तेवढ्यात मफलरवाल्यांनी बाकाची पाठ वर उचलून साखळ्यांना अडकवली होती. काशीरामच्या बाकाच्या वर, हातभर अंतरावर, दुसरं बाक तयार झालं होतं. काशीराम खाली आडवा झालाच होता.

“चढा बाई,” गृहस्थ म्हणाले, “तुमचा हा.”

गोदूने गोधडी उचलून त्या फळीवर टाकली. मग तिला कळलं की आता आपण इथे चढायचं, दिराच्या छातीवर, तोंडावर, पाय लांब करून झोपायचं. त्याच्या डोक्याशी पाय येतील की पायाशी, याने काही फरक पडत नव्हता. काशीरामने डोळे मिटले होते. ती क्षणभर साखळी धरून उभी राहिली आणि तांदळाचं गाठोडं ओढत बोळात नेऊन त्यावर बसली. गोधडी वरच राहिली. ती काढायची तर त्याच्या तोंडावरून हात न्यावा लागला असता.

तिकीट तपासनीस आला. “बाई, तुमचा बर्थ आत आहे. इथे का बसलात?”

“डबा सांभाळते.”

“कशाचा आहे?”

“बोंबलाचा.”

“तो कोण नेणार?”

“मग मला आत गुदमरतं म्हना,” गोदू म्हणाली. दाराच्या फटीतून वारा असा येत होता की तपासनिसाने स्वतः कोटाची कॉलर वर केलेली होती. त्याने एकदा आत पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पुढे गेला.

बोळात आणखी एक बाई बसलेली होती. पन्नाशीची, खानदेशातली, पायात चांदीचे जाड वाळे. तिच्याकडे साधं तिकीट होतं, बर्थ नव्हता. कसाऱ्याला गाडीला मागून दुसरं इंजिन लागलं तेव्हा ती जागी झाली.

“तुमचं बी तिकीट माझ्यासारखंच का?”

“नाय. मला वरचा हाय. मधला.”

“मग हितं काय करता?”

“खाली थोरले दीर हायेत.”

“हां,” बाई म्हणाली. तिला पुढे काही सांगावं लागलं नाही. घाट चढेपर्यंत दोघी एकमेकींना टेकून बसल्या. इगतपुरीला बाईने चहा घेतला, अर्धा गोदूला दिला. मग म्हणाली, “माझा तर तो कोन्ही लागत नाही ना? मी जाऊन पडू का वर? जळगावला उतरायचं हाय मला. जळगाव आलं का उठवा.”

“मला कसं कळनार जळगाव? मला वाचता येत नाय.”

बाईने तिचा हात घेतला आणि बोटं मोजून दाखवली. इगतपुरी झालं. आता नाशिक, हा अंगठा. मग मनमाड, तिथं लई वेळ थांबती, शिदोरीवाले वरडतात. मग चाळीसगाव. मग जळगाव. “आन् करंगळीला भुसावळ. तुमचं. वरडतातच ते ठेसनाचं नाव, कान उघडे ठेवा म्हनजे झालं.”

बाई आत गेली, साखळी धरून झपकन वर चढली आणि शांतीच्या गोधडीत शिरली. तिला गोधडी खाली टाकायला सांगावं, हे गोदूच्या मनात आलं तोवर बाईचा एक पाय, वाळ्यासकट, काशीरामच्या डोक्याच्या वर लोंबत होता आणि ती घोरत होती.

नाशिकला चहावाल्याच्या ओरडण्याने काशीराम जागा झाला. त्याला पहिल्यांदा दिसला तो वाळा. विधवा बाईच्या पायात वाळा नसतो, एवढं त्याला अर्धवट झोपेतही कळलं. तो कोपरावर उठला आणि त्याने बोळाकडे पाहिलं. दिव्याखाली गोदू गुडघे पोटाशी घेऊन, पदर कानावरून घट्ट ओढून बसलेली होती. त्याने पाहिलं, आणि तो पाहतोय हे तिने पाहिलं. मग त्याने कांबळं डोक्यावरून घेतलं आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

गोदूने अंगठा मिटला.

मनमाडला तिने एक बोट मिटलं, चाळीसगावला दुसरं. थंडी आता बोटांतून मनगटात आली होती. जळगावला तिने बाईचा पाय हलवून तिला उठवलं. बाई उतरताना म्हणाली, “लई झोप लागली बघा. देव भलं करो तुमचं,” आणि गोधडी फळीवरच टाकून गेली. भुसावळ आलं तेव्हा काशीराम अजून झोपलेलाच होता. त्याला हाक मारता येत नव्हती आणि हात लावता येत नव्हता. तिने बोंबलाचा डबा त्याच्या कानाशी जमिनीवर दोनदा आपटला आणि हवेला सांगितलं, “भुसावळ आलं गो बाय!” तेव्हा तो उठला.

येताना काशीराम नुसतं म्हणाला, “दिवसाच्या गाडीनं जाऊ.” का, ते बोलला नाही. दिवसभर दोघं दोन वेगवेगळ्या बाकांवर बसून आली. पनवेलला पोचल्या दिवशी गोदूला ताप भरला. छातीत कफ धरला तो शिमग्यापर्यंत हटला नाही. काशीरामने वैद्याकडून काढा आणून सत्यवतीच्या हातात दिला, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आणून दिला. पूर्वेकडचे चार वाफे गोदूच्या टाचेशिवाय धरले गेले, आणि त्या चारांचं मीठ राखेसारखं निघालं. त्याबद्दल घरात कोणी बोललं नाही.

आज वर्षाने ते सगळं ओटीवर आलं होतं.

“बरं, पन आता करायचं काय?” सत्यवती म्हणाली. “बापमानूस नको का संगती? एकटी बाई नेयाला आली तर शेजारपाजार काय म्हनंल? ह्यांच्या घरात मानूस नाय?”

“मी कुठं नाय म्हनतो?” काशीराम म्हणाला. “मी जातो ना. जगन आपला रेल्वेतला हाय, येतानाचा खालचा बर्थ तो मिळवील. तो पोरीला देऊ.”

“आणि तुम्ही?” दयारामने विचारलं. “तुम्हाला मधल्यावर चढता येणार नाही. वरच्यावर तर नाहीच.”

“मी बसंन.”

“कुठं?”

“तिच्या पायाशी बसंन. नाय तर खाली बसंन. एक रात तर हाय.”

“वा,” सत्यवती म्हणाली, “काका खाली बसून राहनार आन् शांती त्याच्या म्होरं पाय पसरून झोपनार? ह्या घरातली पोर हाय ती. तुमी बसलात का ती पन बसंल.”

“मग तुम्ही झोपा खाली,” दयाराम म्हणाला, “शांती मधल्यावर...”

“सातव्या महिन्याची बाई माकडावानी वर चढवतोस व्हय रे?” सत्यवती त्याच्या अंगावर ओरडली. “आन् चढली तरी काकाच्या वर झोपंल ती? शिकवलेली हाय ती. आयनं शिकवली हाय.”

आत सुपाचा आवाज थांबला होता.

हे खरं होतं. शांती बसणार होती. तिला कोणी बस म्हणणार नव्हतं, जसं गोदूला कोणी म्हटलं नव्हतं. डबा सांभाळते म्हणेल, गुदमरतं म्हणेल, आणि ते पोट घेऊन दाराशी जाऊन बसेल. दवाखान्यातल्या बाईंनी आडवं पडून यायला सांगितलं आहे, हा विषय तिथे कोणी काढणार नव्हतं. खालचा बर्थ मग रात्रभर रिकामासुद्धा राहिला असता.

काशीराम कंटाळला होता. त्याचा गुडघा दुखत होता आणि आपण जायला तयार असूनही आपल्यालाच बोलणी बसताहेत, असं त्याला वाटत होतं. तो म्हणाला, “बसंल तर बसंल. एका रातीचा परश्न. तिची आय नाय का बसली गेल्या वर्साला? काय झालं तिला?”

दयारामने पेन्सिलीचं टोक बघितलं.

गोदू सूप बाजूला ठेवून उठली. पदरावरचा कोंडा तिने झटकला, पदर डोक्यावर नीट घेतला आणि मधल्या दाराचा उंबरा ओलांडून ती ओटीवर आली. काशीराम जमिनीवर चटईवर पाय लांब करून बसला होता. ती बसली नाही.

“नाशकाला तुमी डोळं उघडलं व्हतं,” ती म्हणाली.

काशीरामने सत्यवतीकडे पाहिलं. “काय म्हनते ती?”

“मला काय इचारता?” सत्यवती म्हणाली. “तुमालाच सांगते हाय. ऐका.”

“तुमी डोळं उघडलं, मला बघितलं आन् कांबळं घेतलं,” गोदू म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. वाफा कच्चा आहे हे ती चिखलाला सांगायची, तसाच होता. “मी तुमाला बोल लावत नाय, भावजी. तुमी उठून म्हनला असता ‘वर जा’, तरी मी गेली नसती. तुमी हाव तवर मी खाली बसनार आन् शांतीबी बसनार. माझं निस्तं खोकल्यावर निभावलं. तिचं निभनार नाय. म्हनून तुमी येऊ नका.”

“एकटी?” काशीराम म्हणाला. अठ्ठावीस वर्षांत त्याने तिला विचारलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही त्याने नजर चटईवर ठेवून विचारली. “तुला रस्ता कुठं म्हाईत हाय? तुला पाटी वाचता येत नाय.”

गोदूने उजवा हात पुढे केला. “नाशिक,” तिने अंगठा मिटला. “मनमाड. चाळीसगाव. जळगाव. भुसावळ.” मूठ मिटली. “मला म्हाईत हाय. तुमालाच नाय म्हाईत, तुमी झोपलं व्हतं. डबा आपटला नसता तर नागपूरला गेलं असतं.”

दयाराम हसला आणि वडिलांकडे बघून लगेच गप्प झाला.

“शेजारपाजार...” सत्यवतीने सुरुवात केली.

“इचारलं तर सांगीन, भावजींचा गुडघा दुखतो. खोटं कुठं हाय?” गोदूने पदर पुन्हा डोक्यावर सारला. “उद्या दयाराम कल्याणला जाईल तवा मी आगरात जाते. पूर्वेकडचं चार वाफं बघून ठेवते, बायांना तेवढं तुडवू द्या. बाकीच्याला मी येईस्तवर कोनी पाय लावायचा नाय.”

ती दयारामकडे वळली.

“लिही कार्ड. येताना दोन. एक खालचा, त्यो शांतीचा. आन् जायचं तिकीट एकच काढ. मी एकटी जानार हाय. मला मधला घेऊ नको, अगदी वरचा घे.”